भुऱ्याला नदीवर न्यायचं की नाही

चि. सोन्यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, भुऱ्याला आता नदीवर नेणं बंद कर. तेरा वर्षांचा म्हातारा कुत्रा झालाय तो." मी गप्प बसले, तेव्हा तुला वाटलं असेल की आईला राग आला. राग नाही आला रे. माझ्याकडे उत्तर तयार नव्हतं, आणि भुऱ्याच्या बाबतीत काहीतरी बोलून वेळ मारून न्यायची नव्हती. म्हणून काल त्याला घेऊन गेले. दिवसभर त्याच्याकडे नीट लक्ष द्यायचं, मासेमारी त्यातून जमेल तेवढी, असं ठरवूनच निघाले. पहाटेपासून दिवेलागणीपर्यंत आम्ही दोघं नदीवर होतो. मासा एकही हातात आला नाही. काय काय झालं ते सगळं लिहिते.

निघताना त्याने माझ्या हातात रॉडची नळी पाहिली आणि दाराशी जाऊन उभा राहिला. पूर्वीसारख्या उड्या नाहीत, भुंकणं नाही. नुसता उभा, शेपूट सावकाश हलतेय. गाडीत पुढचे पाय तो अजून स्वतः टाकतो आणि मग मान वळवून माझ्याकडे बघतो. मागचा भाग मी उचलून देते. नदीवर पोचल्यावर आधी त्याचं लाइफ जॅकेट, ते तू आणलेलं नारिंगी, पाठीवर मूठ असलेलं. तू ते आणलंस तेव्हा मी म्हटलं होतं की इतक्या चांगल्या पोहणाऱ्याला हे कशाला. आता त्याशिवाय मी त्याला पाण्याजवळ जाऊ देत नाही. पोटाला पाणी लागलं की ओढ त्याचे मागचे पाय बाजूला नेते. मूठ धरून जरा वर घेतलं की लगेच सावरतो, आणि काही झालंच नाही अशा चेहऱ्याने पुढे चालू लागतो.

कान पूर्ण गेले आहेत, हे तुला ठाऊक आहे. डोळ्यांतली निळसर झाक पाहून तू गेल्या खेपेला घाबरला होतास. डॉक्टरांनी तपासलं. तो मोतीबिंदू नाही. वय झालं की कुत्र्याच्या डोळ्यातलं भिंग घट्ट होत जातं, त्याची ती झाक. त्यातून त्याला बऱ्यापैकी दिसतं. नाक तर शाबूतच आहे. काठावर उतरलो की पहिली दहा-पंधरा मिनिटं तो एकेक दगड, एकेक झुडूप हुंगत हिंडतो आणि मी त्याला घाई करत नाही. रॉडचे तुकडे जोडायचे, रीळ बसवायचं, दोरी कड्यांतून ओवायची, लीडरच्या, म्हणजे दोरीपुढच्या निमुळत्या तंतूच्या, टोकाला टिपेट, म्हणजे त्याहून बारीक तंतू, बांधायचं, एवढ्यात त्याची हजेरी घेऊन होते. पूर्वी मी हे सगळं धडाधड उरकायचे. आता माझं आणि त्याचं एकाच वेळी संपतं.

बहिरेपणाने एक अडचण मात्र खरीच झाली होती. ऐकू न येणाऱ्या कुत्र्याला बोलवायचं तर जमिनीवर पाय आपटतात. कंप त्याच्या पंजांना कळतो आणि तो वळून बघतो. घरी मी तेच करते. पण नदीकाठी पाय आपटणं म्हणजे माशांना दवंडी पिटून सांगणं. आपण काठावर कितीही बोललो तरी त्या आवाजाचा अगदी नगण्य अंश पाण्यात शिरतो, बाकी सगळा पृष्ठभागावरूनच परत फिरतो. पावलाचा दणका तसा नाही. तो जमिनीतून सरळ पाण्यात उतरतो, पाण्यात आवाज हवेच्या चौपटीहून जास्त वेगाने धावतो, आणि माशाच्या दोन्ही कुशींवरून जी बारीक रेघ गेलेली असते तिला असे कंप टिपता येतात. लहानपणी तू भुऱ्याच्या भुंकण्यावर चिडायचास ना? त्या भुंकण्याने मासे फारसे बिथरले नसतील. बिथरले असतील ते काठावरच्या गोट्यांवरून चाललेल्या तुम्हा दोघांच्या पळापळीने.

मग मी त्याला हाताच्या खुणा शिकवल्या. हात खाली दाबला की बस. छातीशी ओढला की ये. तळवा समोर धरला की आहेस तिथे थांब. म्हातारा कुत्रा शिकत नाही म्हणतात ते मला पटत नाही. तीन आठवड्यांत त्याने तिन्ही उचलल्या. फक्त खूण कळायला त्याचं लक्ष माझ्याकडे हवं आणि माझं त्याच्याकडे. म्हणून आता मी पाण्यात फार आत जात नाही, वळणापलीकडे तर नाहीच. तो माझ्या डाव्या हाताला, चांगला वीस-पंचवीस पावलं लांब, काठावर बसतो. रॉड माझ्या उजव्या हातात, त्यामुळे दोरी त्याच्या बाजूने जात नाही. आणि तरीही प्रत्येक वेळी माशी, म्हणजे गळावर बांधलेला नकली किडा, टाकायच्या आधी मी वळून बघते की तो जागेवर आहे ना.

हे वळून बघणं चार वर्षांपूर्वीपासूनचं. त्याच्या कानात गळ रुतला तो दिवस तूही विसरला नसशील. त्या गळाचा उलटा काटा मी आधीच पकडीने दाबून सपाट केला होता म्हणून तो आला तसा निघाला. काटा असता तर कान फाटला असता. त्या रात्री बसून मी डबीतल्या उरलेल्या सगळ्या गळांचे काटे दाबले. आणि हे तुझ्यासाठी लिहून ठेवते, कारण पुढे तूही त्याला नेशील: कधी त्याने दोरीसकट गळ गिळला, तर दोरी ओढायची नाही आणि तोंडाशी कापायचीही नाही. बाहेर राहिलेलं टोक पट्ट्याला बांधायचं आणि तसंच डॉक्टरांकडे न्यायचं. ओढलं तर गळ आत आणखी रुततो, आणि दोरी राहिली तर डॉक्टरांना तिच्या मागाने गळापर्यंत पोचता येतं.

आता या वळून बघण्याने माझं काय झालं ते ऐक. फ्लाय फिशिंगमध्ये आपण 'माशी टाकली' म्हणतो, पण माशीला वजनच नसतं. फेकतो ती दोरी. आपल्या ५ नंबरच्या दोरीच्या पहिल्या ३० फुटांचं वजन साधारण ९ ग्रॅम, तेवढ्याच्या जोरावर माशी जाते. त्यासाठी दोरी आधी पाठीमागे पूर्ण उलगडावी लागते, ती सरळ झाली की रॉड वाकतो, आणि मगच पुढचा हात. मी आयुष्यभर इथे घाई केली. दोरी मागे अजून वळसा घेत असतानाच पुढे ओढायचे, चाबकासारखा आवाज व्हायचा आणि माशी तुटून झाडीत जायची. तुला शिकवताना 'मागे थांब, मागे थांब' असं शंभरदा म्हणाले असेन आणि स्वतः थांबत नव्हते. आता भुऱ्याकडे बघायला मान वळवते, तेव्हा दोरीचा वळसा डोळ्यांसमोर उलगडताना दिसतो. ती पूर्ण सरळ होईपर्यंत हात आपोआप थांबतो. गेल्या वर्षभरात मागच्या फटक्यात माझी एकही माशी तुटलेली नाही.

आणि गळावरच्या त्या नकली माश्यांमध्येही भुऱ्या आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर त्याला विंचरलं की पोटाजवळची मऊ लव निघते, करडी, जराशी पिवळट. ती मी चिमटीत पिंजून मेणाच्या दोऱ्यावर चढवते आणि गळाभोवती गुंडाळते. मेफ्लाय या पाण्यात वाढणाऱ्या नाजूक किड्याच्या अंगाचा रंग तिला जितका जमतो तितका विकतच्या कुठल्याही लोकरीला जमलेला मी पाहिला नाही. एलियन नावाच्या रोमन लेखकाने सुमारे १८०० वर्षांपूर्वी मॅसेडोनियातल्या नदीवरच्या कोळ्यांबद्दल लिहून ठेवलंय: गळाला लाल लोकर गुंडाळायची, कोंबड्याची दोन पिसं लावायची, सहा फुटांची काठी आणि तेवढीच दोरी. तेव्हापासून युक्ती तीच आहे. भुऱ्याला मात्र ती लाल माशी लाल दिसली नसती. कुत्र्यांना निळा आणि पिवळा चांगला कळतो, लाल-हिरव्यात त्यांची गल्लत होते.

सकाळी सहाला पाण्याचं तापमान पाहिलं, १४ अंश. ट्राउटच्या, म्हणजे आपल्या या थंड पाण्यातल्या माशाच्या, दृष्टीने झकास. पण पाण्यावर काहीच हालचाल नव्हती. दोन तास मी निम्फ, म्हणजे पाण्यातल्या अळीसारखी बांधलेली माशी, खोल सोडून पाहिली, डोहाच्या तोंडाशी, मोठ्या धोंड्याच्या मागे, फेसाच्या रेघेखाली. काही नाही. मग रॉड झाडाला टेकवून भुऱ्याशेजारी जाऊन बसले. तो पाण्याकडे बघत होता. ऐकू येईनासं झाल्यापासून तो असा तासन्‌तास बघतो, डोळ्यांनीच सगळं गोळा करायचं म्हटल्यासारखा. नऊच्या सुमारास त्याने एकदम मान उचलली. मला काही दिसलं नाही. मी त्याच्या नाकाच्या रोखाने बघत राहिले, आणि पलीकडच्या काठाला वाकलेल्या फांदीखाली एक लहानसं वर्तुळ उमटलं. थोड्या वेळाने पुन्हा, त्याच जागी. मासा वर येऊन काहीतरी टिपत होता.

मी खालच्या अंगाने गेले, कारण मासा प्रवाहाकडे तोंड करून असतो आणि मागून त्याला कमी दिसतं. शेवटची काही पावलं गुडघ्यांवर. पाण्याखालून माशाला वरचं अख्खं जग ९७ अंशांच्या एका गोल खिडकीतून दिसतं, त्या खिडकीबाहेर पाण्याचा पृष्ठभाग त्याला आरशासारखा. जे पाण्यालगत, खाली असतं ते खिडकीच्या कडेला चेपलं जातं. म्हणून खाली राहायचं. मी गुडघे टेकले तसा मागे भुऱ्याही लवंडला. ही खूण मी त्याला कधी शिकवलेली नाही. बाई खाली बसली की आपणही खाली, हे त्याचं त्यानेच ठरवलंय.

त्या एका माशापाशी मी पाऊण तास घालवला. माझ्या आणि त्याच्या मध्ये वेगवान ओघ होता. माशी त्याच्यापर्यंत नीट जायची, पण मधला ओघ दोरीचा फुगवटा करून तिला ओढायचा आणि माशी पाण्यावर बारीक रेघ मारत सरकायची. खरी माशी अशी कधी सरकत नाही. ती पाण्याबरोबर वाहते. मासा वर यायचा, बघायचा, खाली जायचा. मी दोरी पडल्या पडल्या मनगटाने तिचा फुगवटा वरच्या अंगाला उलटवत होते, पण एवढ्या लांबून ते प्रत्येक वेळी साधत नव्हतं. दर चार-पाच प्रयत्नांनंतर थांबायचं, त्याला पुन्हा दोन-तीनदा खाऊ द्यायचं, भुऱ्याकडे बघायचं, मग पुन्हा. टिपेट दोन फूट वाढवलं, ५एक्सचंच, म्हणजे ०.१५ मिलिमीटरचं. सैल टिपेट जास्त असलं की माशीला मोकळं वाहायला वेळ मिळतो. माशीही बदलली. पाण्यावर ऐटीत बसलेली काढून, पंख अजून कातीत अडकलेत अशी, अर्धी बुडालेली बांधली, भुऱ्याच्या लवेचीच. दुसऱ्याच खेपेला त्याने ती घेतली. कुठे उसळी नाही, नुसता पाण्याला एक खळगा पडला.

चांगला मासा होता रे. एकदा पाण्याबाहेर आला तेव्हा त्याच्या अंगावरचे ठिपके दिसले मला. रॉड वाकलेला, दोरी ताठ, तो हळूहळू जवळ येत होता, आणि मी डावीकडे पाहिलं तर भुऱ्या पाण्यात. रॉड वाकला की जाळीपाशी जायचं, ही त्याची पिल्लूपणापासूनची सवय तूच लावलीस. छातीपर्यंत पाण्यात उतरला होता, आणि पुढे खोल होतं. मी तळवा दाखवला, त्याचं लक्ष माशाकडे. दोन पावलं मागे घेऊन मी त्याच्या पाठीवरची मूठ धरली, त्यात रॉडचं टोक खाली गेलं, दोरी क्षणभर सैल पडली. काटा नसलेल्या गळाला तेवढं पुरतं. मासा गेला.

मला वाईट वाटलं, हे तुझ्यापासून लपवत नाही. पाऊण तासाचा मासा. पण हात त्या मुठीकडे गेला तेव्हा मनात दुसरा विचारही आला नव्हता, आणि पुन्हा तशी वेळ आली तरी तसंच करीन. त्याला काठावर आणलं, त्याने अंग झाडलं. ते बघायला अजून तितकंच छान वाटतं: नाकापासून सुरुवात, मग खांदे, मग सगळं अंग, सेकंदाला चार-पाच हेलकावे, आणि शेवटी शेपटीचं टोक. पूर्वी त्यानंतर पळत सुटायचा, आता पाय फाकवून जरा उभा राहतो. मग माझ्या कमरेची जाळी हुंगायला आला. मी ती सोडून त्याच्यापुढे धरली. रिकामी होती. त्याने ती आतून बाहेरून हुंगली आणि माझ्याकडे पाहिलं, पुन्हा हुंगली. मी काय सांगणार त्याला. मानेखाली खाजवत बसले.

अकराला पाणी १८ अंश, साडेबाराला १९, दीड वाजता २० च्या वर. रॉड आवरला. तू विचारशील, संध्याकाळपर्यंत थांबलीस तर मग टाकत का नव्हतीस. तापमान वाढलं की पाण्यात प्राणवायू कमी मावतो. १० अंशांना लिटरमागे सुमारे ११ मिलिग्रॅम, २० अंशांना ९. आणि गरम पाण्यात माशाला तो लागतो मात्र जास्त. अशा पाण्यात त्याला दमवून मग सोडून दिलं तर तो पोहत जातो, आपल्याला बरं वाटतं, आणि थोड्या वेळाने कुठेतरी दगडाखाली मरतो. मी लहानपणी तुला 'सोडला की वाचला' असं शिकवलं. तेवढं पुरत नाही, हे मला नंतर समजलं. हात ओले करून धरायचं, पाण्याबाहेर काढायचंच नाही, आणि २० अंशांच्या वर गळच टाकायचा नाही. सोडून देणार असू तर तिन्ही पाळायचं.

दुपार सगळी सावलीत काढली. कुत्र्याला घाम फक्त पंजांना येतो, बाकी बरीचशी उष्णता धापा टाकून बाहेर काढायची, म्हणून मी त्याला उथळ, वाहत्या पाण्यात पोट टेकवून बसवलं. वाहतं पाणी बघूनच बसवायचं हं. काठाला एक बाजूला तुटलेलं डबकं होतं, त्यावर हिरवा रंग सांडल्यासारखी साय. तिथे तो जाऊ लागला तर मी पट्टा लावला. निळ्या-हिरव्या शेवाळाचं विष कुत्र्याला काही तासांत मारू शकतं, आणि पाणी न पिताही, अंगाला लागलेलं चाटूनसुद्धा ते पोटात जातं.

तो बसला होता तिथलेच दगड मी उलटून बघत होते. तुला हा खेळ फार आवडायचा. एका दगडाच्या पोटाला मेफ्लायच्या चपट्या अळ्या चिकटलेल्या, तीन शेपट्यांच्या, कडेला कल्ले फडफडताहेत. दुसऱ्यावर कॅडिस किड्याच्या अळ्यांची घरं, रेशमाने वाळूचे कण सांधून केलेली, प्रत्येक घर जेमतेम नखाएवढं. स्टोनफ्लाय किड्याची अळी एकच दिसली. पूर्वी प्रत्येक दगडाखाली दिसायच्या.

आणि आता ज्याच्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं ते. भुऱ्याच्या मानेवर आपण वर्षानुवर्षं महिन्याला पिसवा-गोचिडांचं थेंबांचं औषध घालत आलो. त्यात फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड असतं. कीटकांच्या मज्जासंस्थेवर घाला घालणारीच औषधं ती. पिसू मारतात तशीच पाण्यातल्या या अळ्यांनाही मारतात, आणि त्याला अगदी थोडी मात्रा पुरते. ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी इंग्लंडमधल्या २० नद्यांच्या २०१६ ते २०१८ मधल्या नमुन्यांचा अभ्यास केला, तर फिप्रोनिल ९८ टक्के नमुन्यांत आणि इमिडाक्लोप्रिड ६६ टक्के नमुन्यांत सापडलं. पाळीव जनावरांची औषधं हा त्याचा मोठा उगम असावा असं त्यांनी म्हटलंय. ते वाचलं त्या दिवशी मला आपले सगळे रविवार आठवले. शनिवारी थेंब घालायचे, कारण रविवारी गवतात गोचीड लागतील. आणि रविवारी सकाळी तो धावत जाऊन डोहात उडी मारायचा. आपण टाळ्या वाजवायचो. त्याच डोहात मी मेफ्लाय का कमी झाल्यात म्हणून दरवर्षी हळहळत होते.

एका कुत्र्याने नदी मरत नाही, हे मला कळतं. स्टोनफ्लाय कमी होण्यामागे गरम होत चाललेलं पाणी आहे, सांडपाणी आहे, शेतातून येणारी माती आहे. तरी आपल्या हातून जे गेलं ते गेलं, आणि ते थांबवणं माझ्या हातात होतं. डॉक्टरांशी सविस्तर बोलले. आता महिन्याचा नेम बंद. बारीक दातांच्या कंगव्याने रोज विंचरते, नदीवरून आल्यावर कान, काखा, बोटांच्या बेचक्या तपासते, आणि खरोखर गरज पडली तरच औषध, तेही त्यानंतर कित्येक आठवडे नदी नाही असं ठरवून. यंदा एकदाच लागलं. ते आठवडे आम्ही डोंगराकडे फिरायला गेलो, आणि भुऱ्या रोज गाडीपाशी थांबून रॉडची नळी येतेय का बघायचा.

संध्याकाळ मात्र तू हवा होतास. ऊन उतरलं आणि नदीवर मेफ्लायचे थवे आले. वर जायच्या, पंख स्थिर ठेवून खाली यायच्या, पुन्हा वर. पाण्याखाली कित्येक महिने, कधी वर्षभराहूनही जास्त राहून हा जीव बाहेर येतो. पंख फुटल्यावरही पुन्हा एकदा कात टाकतो. असं करणारा दुसरा कीटक नाही. मग त्याला खायला तोंडसुद्धा कामाचं उरत नाही. जोडी, अंडी, आणि काही तासांत किंवा दिवसाभरात संपतं. सूर्य डोंगराआड गेला तशा त्या पाण्यावर पडू लागल्या, पंख दोन्ही बाजूंना पसरून. आणि सगळा डोह उकळल्यासारखा झाला. पलीकडच्या फांदीखाली वर्तुळं, फेसाच्या रेघेत वर्तुळं, आमच्या पायांपासून दोन हातांवर वर्तुळं. दिवसभर ज्याची वाट पाहिली ते समोर होतं. मी पुन्हा तापमान पाहिलं. अजून २० अंशांच्या वरच. रॉड नळीतच राहू दिला.

भुऱ्या माझ्या पायाला टेकून बसला होता. त्याला एकही चुबूक ऐकू येत नव्हतं, पण डोकं इकडून तिकडे, इकडून तिकडे फिरत होतं. वर्तुळ उमटलं की कान ताठ. एकही त्याच्या नजरेतून सुटत नव्हतं. एक मेफ्लाय येऊन त्याच्या नाकावर बसली. तो तिरळा होऊन तिच्याकडे बघत राहिला, हलला नाही, आणि ती आपली आपण उडून गेली. दिसेनासं होईपर्यंत आम्ही तिथे होतो. जाताना चढावर तो दोनदा थांबला, मीही थांबले. गाडीत चढल्या चढल्या झोपला.

आज सकाळी उठताना मागचे पाय जरा जड होते, मी तेल न लावता नुसतं कोमट फडक्याने शेकले. दुपारपर्यंत नेहमीसारखा चालू लागला. तर तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं: नेणार. पण आठवड्यातून एकदाच, चढ नसलेल्या वाटेने, पहाटे, आणि दुपारच्या आत परत. कालसारखा अख्खा दिवस आता नाही, ते तुझं बरोबर होतं. ज्या दिवशी तो दाराशी जाऊन उभा राहणार नाही, त्या दिवशी मी रॉडची नळी परत आत ठेवीन आणि त्याच्याजवळ बसेन.

तू आलास की तिघं जाऊ. त्या फांदीखालचा मासा अजून तिथेच असणार, जागा चांगली आहे, सोडणार नाही. त्याच्यावर तू गळ टाक, मी भुऱ्याची मूठ धरून बसते. तोवर तिन्ही खुणा आरशासमोर शिकून घे. हात हलकेच दाबायचा, झटका द्यायचा नाही, नाहीतर तो गोंधळतो.

तब्येतीला जप. वेळेवर जेव.

तुझी,
आई

ता. क. ५एक्सचं टिपेट संपलं आहे, येताना एक रीळ आण. आणि तुझे पाण्यातले बूट आणणार असशील तर आधी घासून, धुऊन, पूर्ण सुकवून आण. दुसऱ्या नदीचं ओलं शेवाळ आपल्या नदीत यायला नको. भुऱ्याचीही लव मी हल्ली कोरडी झाल्याशिवाय दुसऱ्या पाण्यात जाऊ देत नाही.